पडदावाचकाचे पहिले धडे

दृष्टि गेलेल्या मनुष्याला संगणक चालवितां येतो, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. बँकांतून, महाविद्यालयांतून आणि सरकारी कचेऱ्यांतून अंध स्त्रीपुरुष संगणकावर पत्रें लिहितात, हिशेब तपासतात, वर्तमानपत्रें वाचतात. हें ज्या साधनानें साधतें त्याला इंग्रजींत स्क्रीन रीडर म्हणतात. मराठींत पडदावाचक हा शब्द त्याला शोभेल. पडदावाचक हें निराळें यंत्र नव्हे. ती संगणकांत बसविलेली एक आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, आहे. पडद्यावर जें लिहिलेलें असेल तें ती कृत्रिम वाणीनें बोलून दाखविते, अथवा संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर टिंबांच्या रूपानें उमटविते. तिला आज्ञा द्यावयाच्या त्या कळफलकावरून, म्हणजे कीबोर्डवरून. माउसचा आरंभीं कांहीं उपयोग नाहीं. कारण पडद्यावरील बाण कोठें आहे हें ज्याला दिसत नाहीं, त्यानें तो न्यावा तरी कोठें?

असें साधन आहे एवढें कळल्यानें तें वापरतां येत नाहीं. तें शिकावें लागतें, आणि शिकण्याच्या आरंभींच एक विलक्षण पेंच उभा राहतो. पडदावाचकाचीं मार्गदर्शक पुस्तकें आणि पाठमाला पुष्कळ आहेत. परंतु त्यांतील बहुतेक सर्व संगणकावरच आहेत. पडदा वाचतां यावा म्हणून जें शिकावयाचें, तेंच पडद्यावर लिहिलेलें! किल्ली पेटींत आणि पेटीला कुलूप, अशी ही अवस्था. या पेंचांत सांपडलेला मनुष्य थोड्याच दिवसांत कंटाळतो आणि हें आपल्या वयाला झेपणारें नव्हे, अशी मनाची समजूत घालतो. वास्तविक दोष वयाचा नसतो, बुद्धीचा तर मुळींच नसतो. दोष असतो तो धड्यांच्या निवडीचा आणि क्रमाचा. पडद्यावांचून घेतां येईल असा धडा प्रथम, आणि पडदा लागणारा धडा नंतर, एवढा क्रम सांभाळला कीं पुढची वाट पुष्कळ सुकर होते.

बालपणापासून दृष्टि नसलेल्या मुलाला शाळेंत शिक्षक भेटण्याचा संभव असतो. मुंबईंत दादर येथील अंधशाळा १९०० मध्यें निघाली, तेव्हांपासून महाराष्ट्रांत अशा शिक्षणाची परंपरा आहे. खरी कुचंबणा होते ती प्रौढ वयांत दृष्टि गमावणाऱ्याची. काचबिंदु, मधुमेहानें बिघडलेलें नेत्रपटल अथवा एखादा अपघात, यांपैकीं कोणत्याहि कारणानें पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा हिशेबनीस किंवा कारकून एकाएकीं कागदाला आणि पडद्याला दुरावतो. दिव्यांगांच्या हक्कांसंबंधींच्या २०१६ च्या कायद्यांतील विसाव्या कलमानें, सरकारी नोकरींत असतांना दिव्यांगत्व आलें एवढ्यावरून कोणाला कामावरून काढतां येत नाहीं, अथवा त्याचा दर्जाहि उतरवितां येत नाहीं. परंतु कायदा खुर्ची राखतो; त्या खुर्चीवर बसून काम करण्याची विद्या ज्याची त्यालाच मिळवावी लागते. ती न मिळाली तर पगार चालू असूनहि मनुष्य कचेरींत रिकामा बसतो, आणि घरीं स्वतःचें पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतो, बँकेंतील शिल्लक दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. या परावलंबनाचें दुःख पैशाच्या हिशेबांत मांडतां येत नाहीं.

धडे शोधण्यापूर्वीं पडदावाचक कोणता, हें ठरविलें पाहिजे. या साधनांचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. टेड हेंटर या अमेरिकन गृहस्थांना मोटारसायकलच्या शर्यतींचा नाद होता. १९७८ मध्यें मोटारीच्या अपघातांत त्यांची दृष्टि गेली. पुढें ते संगणकाचें काम शिकले, त्यांनीं एका भागीदारासह कंपनी काढली आणि १९८९ मध्यें जॉज हा पडदावाचक बाहेर आणला. जॉज आजहि अनेक कचेऱ्यांत वापरला जातो. तो विकत घ्यावा लागतो. दुसरा एन.व्ही.डी.ए. हा ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन या अंध तरुणानें २००६ मध्यें लिहावयास घेतला. डोळस माणसाला पडदा पाहण्यासाठीं निराळे पैसे मोजावे लागत नाहींत, मग अंधानें तो ऐकण्यासाठीं कां मोजावे, हा त्यामागील विचार होता. जेम्स टेह हा त्याचा मित्रहि अंध. लहानपणीं एका संगीत-शिबिरांत दोघांची ओळख झालेली. त्या दोघांनीं २००७ मध्यें एन.व्ही. ॲक्सेस ही नफा न घेणारी संस्था स्थापिली. एन.व्ही.डी.ए. कोणालाहि विनामूल्य मिळतो, आणि पन्नासांहून अधिक भाषांत त्याचें भाषांतर झालेलें आहे. याखेरीज विंडोजमध्यें नॅरेटर, ॲपलच्या मॅक संगणकांत २००५ पासून व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइड फोनांत टॉकबॅक हे वाचक आधींच बसविलेले असतात.

नवशिक्यानें यांतील श्रेष्ठ कोणता या वादांत पडूं नये. घरीं विंडोजचा संगणक असेल तर एन.व्ही.डी.ए.पासून आरंभ करणें सोयीचें, कारण त्याला खर्च नाहीं. कचेरींत जॉज असेल तर तोहि घरीं चाळीस मिनिटांच्या बेतानें विनामूल्य वापरून पाहतां येतो. तेवढ्या वेळानें संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा लागतो, इतकेंच. परंतु सर्वांत मोठा विचार निराळाच आहे: ज्याला विचारतां येईल असा जवळचा मनुष्य जो पडदावाचक वापरीत असेल, तोच पहिल्यानें शिकावा. एक वाचक नीट आला म्हणजे दुसरा शिकण्यास फार वेळ लागत नाहीं. कारण विंडोजच्या स्वतःच्या आज्ञा दोहोंतहि त्याच असतात.

आतां पहिला धडा. तो पडदावाचकाचा नव्हे, कळफलकाचा आहे. कळफलकावर एफ आणि जे या दोन कळांवर बोटाला लागेल असा बारीक उंचवटा असतो. दोन्ही हातांच्या तर्जनी तेथें ठेवल्या कीं बाकीच्या कळा कोणत्या बोटाच्या वाटेला येतात तें ठरलेलें आहे. उजवीकडील अंकांच्या गटांत पांच या अंकावरहि तशीच खूण असते. ज्याला पूर्वीं टंकलेखन येत होतें त्याचें निम्में काम झालेलें असतें. ज्याला येत नसेल त्यानें अक्षरांबरोबरच टॅब, शिफ्ट, कंट्रोल, आल्ट, एस्केप, एंटर आणि चार बाणांच्या कळा न चांचपडतां सांपडतील इतका सराव करावा. या धड्याला पडदा लागत नाहीं. शेजारीं बसून कळांचीं नांवें सांगणारा कोणीहि चालतो.

दुसरा धडा संगणक स्वतःच देतो, आणि तो ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांचे दिवस वायां जातात. एन.व्ही.डी.ए. आणि जॉज यांत इन्सर्ट ही कळ दाबून ठेवून एकचा अंक दाबला, कीं कळा ओळखण्याची सोय सुरू होते. मग जी कळ दाबावी तिचें नांव संगणक मोठ्यानें उच्चारतो, पण तिनें एरवीं होणारें काम मात्र होत नाहीं. कांहीं बिघडेल ही धास्ती उरत नाहीं. पडदावाचकाची एखादी आज्ञा दाबली तर तिनें काय होतें हेंहि तो सांगतो. तीच जोडी पुन्हां दाबली कीं सोय बंद होते. नॅरेटरमध्यें त्याची स्वतःची कळ आणि एकचा अंक यांनीं हेंच साधतें. याशिवाय कंट्रोलची कळ दाबली कीं बोलणें तत्काळ थांबतें. ही एक कळ पहिल्या दिवशींच शिकावी. कारण न थांबणाऱ्या बोलण्यानें नवा माणूस जितका गांगरतो तितका दुसऱ्या कशानेंहि गांगरत नाहीं. कांहीं लहान संगणकांवर इन्सर्टची कळ सहज सांपडत नाहीं. तेथें एन.व्ही.डी.ए.च्या स्वागताच्या चौकटींतच कॅप्स लॉक ही कळ तिच्या जागीं नेमतां येते.

यानंतर पाठ्यसाहित्याकडे वळावें. तें घेण्यापूर्वीं चार कसोट्या लावून पाहाव्या. पहिली कसोटी अशी, कीं धडा कळांच्या भाषेंत बोलतो कीं डोळ्यांच्या? वरच्या कोपऱ्यांतील निळ्या चित्रावर जा, असें जो धडा सांगतो तो कितीहि विद्वत्तापूर्ण असला तरी अंधाच्या उपयोगाचा नाहीं. आल्ट दाबा, खालचा बाण तीन वेळां दाबा, अमुक शब्द ऐकूं येईल, असें जो सांगतो तो खरा धडा. काय ऐकूं यावयास पाहिजे हें त्यांत सांगितलेलें असलें, म्हणजे आपण चुकलों कीं नाहीं हें शिकणाऱ्याला स्वतःलाच कळतें. दुसरी कसोटी काळाची. विंडोज सात या आवृत्तीचा आधार जानेवारी २०२० मध्यें आणि विंडोज दहाचा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्यें संपला. जुन्या आवृत्तीवरून रचलेल्या धड्यांतील मार्ग नव्या संगणकावर पुष्कळदां सांपडत नाहींत. तिसरी कसोटी रूपाची: धडा मानवी आवाजांत अथवा ब्रेलमध्यें मिळतो काय? चौथी कसोटी अशी, कीं प्रत्येक पाठाअखेर करून पाहण्याचा अभ्यास दिलेला आहे काय? नुसत्या आज्ञांच्या याद्या पाठ केल्यानें पोहणें पुस्तकांतून शिकल्यासारखें होतें.

या कसोट्यांना उतरणारें साहित्य उपलब्ध आहे. एन.व्ही. ॲक्सेस या संस्थेनें एन.व्ही.डी.ए.चें प्राथमिक शिक्षण देणारा क्रमवार ग्रंथ तयार केला आहे. तो विकत मिळतो. पण संगणकीय पुस्तकाबरोबरच मानवी आवाजांतील ध्वनिमुद्रण आणि छापील ब्रेल अशा रूपांतहि मिळतो, आणि आरंभीं सांगितलेल्या कुलूप-किल्लीच्या पेंचावर हाच खरा उपाय आहे. वर्ड, एक्सेल आणि आउटलुक यांसाठीं पुढचे ग्रंथहि त्याच संस्थेचे आहेत. एन.व्ही.डी.ए.बरोबर येणारी मार्गदर्शिका विनामूल्य असते. परंतु ती पहिल्या दिवशीं वाचावयाची पोथी नसून अडल्यावेळीं उघडावयाचा कोश आहे, हें ध्यानांत ठेवावें. जॉजच्या मदत-यादींत त्याचे प्राथमिक पाठ असतात. नॅरेटरचा आरंभपाठ विंडोजमध्येंच आहे, व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक यांचेहि परिचयपाठ त्या त्या यंत्रांतच बसविलेले आहेत.

अमेरिकेंतील हॅडले या संस्थेचा उल्लेख येथें अवश्य केला पाहिजे. विल्यम हॅडले हे शिकागोकडील एक शाळामास्तर. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं त्यांची दृष्टि गेली. त्यांनीं स्वतःच ब्रेल शिकून घेतलें आणि इतरांना तें टपालानें शिकवावें या हेतूनें १९२० मध्यें ही संस्था काढली. त्यांची पहिली विद्यार्थिनी कॅन्सस प्रांतांतील एक शेतकऱ्याची पत्नी होती. आज त्याच संस्थेचे संगणक आणि पडदावाचक यांवरील पाठ विनामूल्य ऐकतां येतात. ते लहान लहान असून एका पाठांत एकच गोष्ट सांगतात, हा त्यांचा विशेष. इंग्रजी समजणाऱ्यास ते उपयोगी पडतील.

इंग्रजीची अडचण ही मराठी शिकणाऱ्याच्या वाटेंतील दुसरी धोंड आहे. वाणीपुरता उपाय आहे. एन.व्ही.डी.ए.बरोबर येणाऱ्या ई-स्पीक एन.जी. या वाणींत मराठीचा समावेश आहे. तिचा स्वर यांत्रिक असतो, पहिले कांहीं दिवस कानाला खडबडीत लागतो. पण वेग कमी करून ऐकल्यास कान हळूहळू सरावतो, आणि पुढें तोच मनुष्य वेग आपण होऊन वाढवूं लागतो. लिहिण्यासाठीं इनस्क्रिप्ट ही कळरचना घ्यावी. तींत स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला येतात. ही मांडणी नियमबद्ध असल्यानें बोटांना लवकर पाठ होते. राहिला प्रश्न धड्यांचा. त्याला घरगुती उपाय उत्तम. घरांतील इंग्रजी जाणणाऱ्या मनुष्यानें पहिले आठ-दहा पाठ वाचावे, प्रत्येकाचा आशय स्वतःच्या साध्या मराठींत फोनवर ध्वनिमुद्रित करावा, आणि कळांचीं नांवें मात्र इंग्रजींतच ठेवावीं. कारण संगणकहि तींच उच्चारणार. असें पांच-सहा मिनिटांचें मुद्रण शिकणाऱ्याला हवें तितक्या वेळां ऐकतां येतें, आणि पुन्हां पुन्हां विचारण्याचा संकोच उरत नाहीं.

एका ठिकाणीं मात्र बहुतेक नवशिके अडखळतात, म्हणून तें स्पष्ट केलें पाहिजे. इंटरनेटवरील पान उघडलें असतां अक्षरांच्या कळा लिहिण्याचें काम सोडून चालण्याचें काम करतात. एच दाबलें कीं पुढचें शीर्षक, के दाबलें कीं पुढचा दुवा, बी दाबलें कीं पुढचें बटण. डोळस मनुष्य पानावरून नजर फिरवून शीर्षकें टिपतो. अंध मनुष्य एचच्या कळेनें तेंच करतो. परंतु अर्जांतील रिकाम्या चौकटींत नांव लिहावयाचें झालें, तर त्याच कळांनीं अक्षरें उमटलीं पाहिजेत. त्यासाठीं एन.व्ही.डी.ए. एका अवस्थेंतून दुसऱ्या अवस्थेंत जातो आणि तसें घडतांना निरनिराळे आवाज करतो. हे दोन आवाज ज्याला ओळखतां आले नाहींत त्याला संगणक लहरी वाटतो. कधीं लिहितो, कधीं लिहीत नाहीं. म्हणून कोणताहि धडा हातीं आला कीं त्यांत हा भेद समजावून दिला आहे काय, हें आधीं पाहावें. तो दिलेला नसेल तर तो धडा नवशिक्यासाठीं अपुरा आहे. आणि हा भेद कळेपर्यंत इंटरनेटच्या वाटेला न जातां नोटपॅडसारख्या साध्या जागीं चार ओळी लिहिणें, अक्षर, शब्द आणि ओळ या क्रमानें त्या ऐकणें, चूक दुरुस्त करणें आणि लिहिलेलें जपून ठेवणें, एवढाच अभ्यास करावा.

ग्रंथ आणि ध्वनिमुद्रणें यांनीं काम भागत नाहीं असेंहि होतें, तेव्हां माणसाकडे जावें लागतें. मुंबईंत १९५२ मध्यें स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था आहे. सेंट झेवियर महाविद्यालयांत २००३ पासून दृष्टिहीनांसाठीं साधनकेंद्र चालतें. डेहराडून येथें दृष्टिदिव्यांगांची राष्ट्रीय संस्था आहे, आणि बंगळूर येथील एनेबल इंडिया ही संस्था दिव्यांगांना नोकरीच्या दृष्टीनें तयार करते. अशा ठिकाणीं चौकशी करतांना नेमका प्रश्न विचारावा: प्रौढ नवशिक्यासाठीं वर्ग आहे काय, शिकविणारा स्वतः पडदावाचक वापरतो काय, आणि वर्ग संपल्यावर अडचण आली तर विचारतां येईल काय? दुसऱ्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. आंधळ्याच्या मागें आंधळा, हें बोलणें मराठींत उपहासानें वापरलें जातें. येथें मात्र तीच गोष्ट हिताची ठरते. ब्रेल लिपि एका अंध विद्यार्थ्यानें सिद्ध केली, हॅडलेंची शाळा दृष्टि गमावलेल्या मास्तरांनीं काढली, जॉज आणि एन.व्ही.डी.ए. अंधांनीं घडविले. जो त्या वाटेनें रोज चालतो त्याला खांचखळगे कोठें आहेत हें सांगावें लागत नाहीं. डोळस शिक्षक कितीहि कळकळीचा असला तरी त्याची नजर आधीं पडद्यावर जाते आणि उत्तर तेथूनच येतें.

हीच गोष्ट घरच्या मंडळींनीं ध्यानांत घेतली तर त्यांच्या हातून खरें साहाय्य होईल. मदत करणाऱ्यानें माउस काढून बाजूला ठेवावा. एखाद्या दिवशीं पडदा झांकून किंवा डोळे मिटून तोच धडा स्वतः करून पाहावा. म्हणजे वाट पाहण्याचा धीर कशाला म्हणतात तें कळेल. शिकणारा अडला कीं त्याच्या हातांतून कळफलक ओढून काम उरकून देण्याचा मोह फार होतो. तो आवरावा, तसें केल्यानें काम होतें आणि शिकणें राहतें. संगणकाची मांडणी न सांगतां बदलूं नये, आणि रोज अर्धा-पाऊण तास ठराविक वेळीं निवांत मिळेल अशी घरांत व्यवस्था असावी. कारण दूरदर्शन आणि पडदावाचक हे दोन आवाज एका खोलींत नांदत नाहींत.

शेवटीं एक सूचना. पहिल्या महिन्याचें ध्येय लहान आणि स्वतःच्या गरजेचें असावें. सबंध संगणक शिकावयाचा, असा संकल्प करणारा मध्येंच थकतो. मुलीनें पाठविलेलें पत्र स्वतः उघडून ऐकावयाचें आणि त्याला दोन ओळींचें उत्तर लिहावयाचें, असा संकल्प करणारा तडीस जातो. ज्या श्रोत्यांच्या घरीं किंवा शेजारीं दृष्टि मंदावत चाललेलें कोणी असेल, त्यांनीं ती पूर्ण जाण्याची वाट पाहूं नये. थोडें दिसत आहे तोंवरच कळफलकाचा पहिला धडा आरंभिला, तर पुढें अंधार आला तरी हातांना वाट ठाऊक असते.